तुटक्या पायऱ्यांचे फोटो कशाला? – हार्लेमच्या फोटोवॉकवरून

तिसरा_मजला

सेवानिवृत्त_अभियंता यांच्या ‘जर्सीची डायरी’चा ताजा भाग वाचला. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी डायरी वाचली नाही त्यांच्यासाठी: काकांना लेकीने हार्लेममधल्या (न्यूयॉर्कमधली, कृष्णवर्णीयांची म्हणून ओळखली जाणारी वस्ती) एका फोटोवॉकची जाहिरात दाखवली. शनिवारी सकाळी जमायचं, वस्तीतल्या लोकांनी आपल्याच वस्तीचे फोटो काढत फिरायचं, दुपारी सगळ्यांनी बसून ते बघायचे. कृष्णवर्णीयांचं शेजारपण साजरं करायचं, अशी कल्पना. बाहेरच्यांनाही यायला मुभा. काका गेले नाहीत. लिहिलं मात्र भरपूर.

मुद्दे तीन. एक, रंगावरून वॉक काढणं हा उलटा भेदभाव. दोन, आपण आपल्या जातीच्या आळीचा असा उत्सव केला तर लोक तुटून पडतील. आणि तिसरा, ज्याच्यासाठी मी कीबोर्ड बडवतेय: ‘तुटक्या पायऱ्या आणि त्यावर दिवसभर बसलेली माणसं, यात फोटो काढण्यासारखं काय आहे?’

काका, हार्लेमचे फोटो कमी निघालेत असं नाही. भांडण आहे ते कोणते फोटो बाहेर पडले याचं. गॉर्डन पार्क्सने १९४८ साली ‘लाइफ’ मासिकासाठी तिथल्या एका १७ वर्षांच्या टोळीप्रमुखावर फोटोमालिका केली. पार्क्स स्वतः कृष्णवर्णीय. त्याने त्या पोराचं घर टिपलं, आई टिपली, भावंडं टिपली. छापताना संपादकांनी वजन टाकलं ते मारामारी आणि अंधाराच्या पारड्यात. म्हणजे कॅमेरा आपल्या माणसाच्या हातात असून भागत नाही, निवडणाराही आपला लागतो.

१९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर मोठं प्रदर्शन भरवलं. भिंतीच्या भिंती फोटो, आणि हार्लेमच्या चित्रकारांचं एक चित्र नाही, शिल्पकारांचं एक शिल्प नाही. कलाकार फलक घेऊन दारात उभे राहिले. रॉय डिकराव्हा जन्मानेच हार्लेमचा, १९५२ साली गुगेनहाइम फेलोशिप मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय फोटोग्राफर. त्याने तिथे फोटो द्यायला साफ नकार दिला. गंमत अशी की याच प्रदर्शनामुळे जेम्स व्हॅन डर झी जगाला कळला. लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर स्टुडिओ थाटून त्याने हार्लेमची लग्नं, अंत्ययात्रा, शाळा, क्लब टिपले होते. १९३२ सालचा त्याचा फोटो आहे, चकचकीत कॅडिलॅक आणि फरचे लांब कोट घातलेलं जोडपं. तेव्हा महामंदी चालू होती हे लक्षात घ्या. प्रदर्शन झालं त्याच वर्षी ऐंशी ओलांडलेल्या या माणसाला राहत्या जागेतून बाहेर काढलं. पुढे २०२१ साली त्याच मेट्रोपॉलिटनने हार्लेममधल्याच स्टुडिओ म्युझियमबरोबर त्याचा सगळा संग्रह ताब्यात घेतला. उशिरा का होईना, शहाणपण.

मी त्या वॉकला गेले होते. नियम साधे: विचारल्याशिवाय मोठ्या माणसाचा फोटो नाही, आईबापांना विचारल्याशिवाय मुलांचा नाही, चर्चच्या आत कॅमेरा बंद. दुपारी फोटो बघताना बाहेरून आलेल्या एका पोराचा फोटो लागला. बंद शटर, पुढे एकटा म्हातारा, काळापांढरा, अगदी बक्षीसपात्र. तिथल्या एका आजींनी तो बाजूला काढला. म्हणाल्या, हा बसची वाट बघतोय. आमच्या गल्लीतला सगळ्यात बडबड्या माणूस आहे, याला दुःखी कोणी केलं? सगळे हसले, पोराचे कान लाल. मला विचाराल तर अख्खा वॉक त्या एका वाक्यासाठी होता.

आणि पायऱ्या! ब्राउनस्टोनच्या, म्हणजे तपकिरी दगडाच्या जुन्या घरांच्या पायऱ्या म्हणजे तिथला ओटा. तुमच्याआमच्या घरापुढचा ओटा सोसायटीच्या पार्किंगने खाल्ला, त्यांचा अजून शिल्लक आहे. त्या ‘तुटक्या’ पायऱ्यांमागचं घर आज लाखो डॉलरला जातं.

सेवानिवृत्त_अभियंता

ताई, माझ्या नावाने धागा निघाला, धन्यता वाटली. न जाता लिहिलं हा आरोप मान्य, पण तुम्ही दिलेलं १९४८ आणि १९६९ तरी कुठे डोळ्यांनी पाहिलंत?

माझा जन्म गिरगावातल्या चाळीतला. सामाईक संडास, पहाटेचं पाणी, सगळं भोगलंय. आम्ही त्याचा ‘उत्सव’ केला नाही. अभ्यास केला आणि बाहेर पडलो. माझ्या वडिलांनी ओट्यावर बसून फोटोला पोझ दिली नाही, त्यांना वेळ नव्हता. माणसाने आहे त्या परिस्थितीला कुरवाळत बसू नये एवढंच माझं म्हणणं, त्यात रंगाचा काही संबंध नाही.

चहाटळ

‘आम्ही उत्सव केला नाही’?? काका, मराठीत चाळीवर निघालेली नाटकं, सिनेमे, ललित लेख आणि दिवाळी अंक एकावर एक रचले तर चाळीपेक्षा उंच होतील. गेली पन्नास वर्षं आम्ही दुसरं केलं काय? अंगणातला गणपती, गच्चीवरची कोजागिरी, शेजारच्या काकूंची वाटी. हे सगळं ‘संस्कृती’, आणि हार्लेमवाल्याने पायरीवर बसून सोडा प्यायला की ‘परिस्थिती कुरवाळणं’.

बाकी उलट्या भेदभावाबद्दल: आपले लोक अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १९२३ साली ‘आम्हाला गोरे समजा’ म्हणून नागरिकत्वासाठी गेले होते. भगतसिंग थिंद खटला (क्रांतिकारक भगतसिंग नव्हे). कोर्टाने हाकलून लावलं. तेव्हा रंगावरून भेद करायला आमची हरकत नव्हती, फक्त रांग चुकली एवढीच तक्रार होती. हलकेच घ्या.

निळी_शाई

मुद्दा क्रमांक दोनवर कोणी बोलेना म्हणून मी बोलतो.

‘आपण आपल्या जातीच्या आळीचा उत्सव केला तर’... काका, करताच की. पेठांमधले वाडे दाखवणारे हेरिटेज वॉक रविवारी निघतात. त्याला कोणी जातीचा वॉक म्हणत नाही, शहराचा इतिहास म्हणतात. आमच्याकडे नागपुरात दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, त्याची बातमी वाहतूक कोंडीची. कोणाच्या आठवणीला वारसा म्हणायचं नि कोणाच्या आठवणीला गर्दी, हे ठरवणारे कोण, तेवढं सांगा.

अन् हार्लेमशी आपलं काय घेणंदेणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवायला झटलेल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, ते टेकडीवर, अन् टेकडीखाली हार्लेम. कृष्णवर्णीयांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे जातोय हे कळल्यावर १९४६ साली त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्याची प्रत मागितली, त्यांचं उत्तरही आलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव आलं अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून.

आता धागाकर्तीला. तुम्ही गेलात, नियम पाळले, चांगलंच. पण तीच मंडळी कॅमेरे घेऊन न्यू जर्सीतल्या एडिसन गावात तुमच्या आपल्या लोकांच्या कॉलनीत वॉकला आली, तर कॉलनीच्या ग्रूपवर पहिला मेसेज काय पडेल? ‘कोणीतरी संशयास्पद फिरतंय.’ आहे का छातीवर हात ठेवून नाही म्हणायची तयारी?

तिसरा_मजला

नाही. पडेल असाच मेसेज. आणि टाकणाऱ्यांत आमच्या मंडळाचे दोन माजी पदाधिकारी असतील.

जर्सी_काकू

मी गेली चाळीसेक वर्षं इथे आहे, म्हणून बोलते. सगळ्यांनी पुस्तकी बोलून झालं असेल तर ऐका. १९८७ साली जर्सी सिटीत स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी टोळी कपाळाला कुंकू लावणाऱ्यांना शोधून मारत होती. आपल्यातला एक जण जिवानिशी गेला. मी कुंकू पुसून कामावर जायची, पर्समध्ये कोयरी ठेवायची. तेव्हा आमच्यासाठी कोणी फोटोवॉक काढला नाही. आम्हीही कोणाकडे मागितला नाही.

आणि हार्लेमचं म्हणाल तर माझ्या मिस्टरांना १२५व्या रस्त्याच्या स्टेशनबाहेर चाकू दाखवून लुटलंय. ते अजून त्या बाजूने गाडी काढत नाहीत. त्यांना मी डिकराव्हा सांगू का?

चहाटळ

काकू, कुंकू पुसावं लागण्याचा अनुभव असलेल्या माणसाला तर हा वॉक सगळ्यात आधी कळायला हवा.

जर्सी_काकू

मला काय कळायला हवं हे पुण्यात पंख्याखाली बसून कोणी सांगू नये. तुम्हाला कोणी कधी चाकू दाखवलाय? नसेल तर गप्प बसा.

चहाटळ

रिक्षावाल्याने मीटर दाखवलाय. असो, गप्प बसतो.

लेन्सकॅप

अवांतर, पण कोणीतरी फोटोग्राफीबद्दल बोललं पाहिजे. नाव फोटोवॉक, आणि इतक्या प्रतिसादांत एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याचा उल्लेख नाही!

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतो. काळासावळा माणूस उजळ आकाशापुढे उभा करा, चेहरा कोळसा. तोच चेहरा फ्रेमभर घ्या, मीटर त्याला ओढून करडा करतो, राख फासल्यासारखा. म्हणजे एकदा वर न्यायचं, एकदा खाली आणायचं, आणि हे डोळ्याने बघून करायचं असतं. आपोआप मोडवर टाकून हार्लेमला जाणारे लोक घरी येऊन म्हणतात, फोटो नीट आले नाहीत.

रंगीत फिल्मची तर वेगळीच कहाणी. कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुना-फोटो पाठवायची, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यात गोरी बाई. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. एकाच वर्गफोटोत गोरी मुलं छान आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात, हे वर्षानुवर्षं चाललं. आयांनी तक्रारी केल्या, फार काही हललं नाही. हललं कधी? फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले ओरडले तेव्हा. शिसवी आणि सागवानी एकच दिसतंय, दुधाचं आणि कडू चॉकलेट सारखंच दिसतंय म्हणून. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड आलं ते १९९० च्या दशकात.

पोलरॉइडचं त्याहून वाईट. त्यांच्या ओळखपत्राच्या कॅमेऱ्याला फ्लॅश वाढवायचं खास बटण होतं, आणि तो दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांच्या फिरण्यावर बंधनं घालणाऱ्या ओळखपुस्तिकांचे फोटो काढायला वापरला जायचा. कंपनीतल्याच कृष्णवर्णीय कामगारांनी १९७० साली बंड केलं, १९७७ साली कंपनी तिथून बाहेर पडली.

डिकराव्हाचे प्रिंट बघा. इतके गडद की पहिल्यांदा वाटतं बिघडलेत. थांबून बघितलं की त्या काळ्यात दहा पायऱ्या सापडतात.

सावळी

लेन्सकॅप, तुमच्या तोंडात साखर पडो. अवांतराला अवांतर जोडते.

माझ्या लग्नाच्या अल्बमात नवरी कोण आहे ते माझ्या भाचीला ओळखता येत नाही. मी व्यवस्थित सावळी आहे. अल्बमात माझा चेहरा पिठाचा, मान माझी, हात माझे. प्रत्येक पानावर चेहरा एका बाईचा नि हात दुसरीचे. आजी म्हणाली, हळद जास्त बसली वाटतं. वर फोटोग्राफर सांगतो, ‘मॅडम, स्पेशल ग्लो दिलाय, त्याचे पैसे लावले नाहीत.’

त्या वॉकमध्ये लोकांना आपले चेहरे आपल्यासारखे दिसले असतील ना? मला एवढ्यासाठीच तो वॉक आवडला. बाकी तुमचं इतिहास-भूगोल चालू द्या.

कोथरूडची_कोथिंबीर

+१. माझ्या स्थळाच्या फोटोत मी इतकी गोरी होते की मुलाकडच्यांनी दारात मला ‘मुलगी कुठे आहे’ विचारलं.

फ्लॅश_मारतो

नमस्कार. मी सांगली भागात लग्नाचं फोटो काढतो, वडलांपास्नं धंदा हाय. सगळ्यांनी आमच्यावर घसरायचं काम चाललंय म्हणून लिहितो.

ताई, ‘उजळ करा’ म्हणणारा मी न्हाई. पोरीची आई म्हणती, मावशी म्हणती, कधी कधी नवरदेव सोताच म्हणतो. एकदा मी आहे तसा फोटो दिला. करिझ्मा अल्बम परत आला, वरनं निम्मं पैसं बुडालं. ‘आमची पोरगी एवढी काळी हाय का?’ म्हणून भर दुकानात भांडण. आता सांगा, मी समाजसुधारणा करू का पोटाचं बघू?

सावळी

म्हणजे दोष माझ्या मावशीचा. बरोबर आहे, आहेच. पण दादा, स्लायडर कोणाच्या हातात होता?

फ्लॅश_मारतो

स्लायडर माझ्या हातात, पाकीट तुमच्या मावशीच्या हातात.

लेन्सकॅप

तेल ओतायचं नाहीये, पण व्हॅन डर झीसुद्धा निगेटिव्हवर हाताने काम करायचा. कोणाचे दात सारखे करायचा, कोणाच्या गळ्यात दागिना काढायचा.

फ्लॅश_मारतो

बघा!! न्यूयॉर्कच्या म्युझियमात ठेवलेला माणूस बी आमच्यासारखंच करत व्हता. त्याला कलाकार म्हणायचं नि आमाला बदनाम करायचं. वा रे न्याय.

तिसरा_मजला

दादा, अंगावर नसलेला हार काढणं आणि अंगाची कातडी बदलणं एकच का? व्हॅन डर झीकडे येणारा माणूस अख्खा आठवडा लोकांच्या घरी स्वयंपाक करून, लिफ्ट चालवून रविवारी चांगले कपडे घालून यायचा. त्याला स्वतःला थोडं श्रीमंत बघायचं होतं. स्वतःऐवजी दुसरं कोणी नाही.

फ्लॅश_मारतो

आमच्याकडची पोरगी बी थोडी ‘चांगली’ दिसायला बघती. चांगलं म्हंजे काय ते मी ठरवलं न्हाई.

निळी_शाई

या माणसाने दोन ओळीत सगळ्या धाग्याचा निकाल लावला अन् कोणी +१ देईना, कारण भाषा सांगलीची आहे.

चहाटळ

+१. (गप्प बसलो होतो, पण हे राहवलं नाही.)

सेवानिवृत्त_अभियंता

धागा माझ्यावर होता, आता मेकअपवर आहे. सुटलो.

भाडेकरू_आजन्म

मी हार्लेममध्ये भाड्याने राहतो, त्यामुळे कोणाच्याच बाजूने नाही. तिसरा_मजला, तुमचा लेख गोड आहे, आणि मला गोडाचाच त्रास आहे.

हार्लेम कृष्णवर्णीयांचं झालं कसं? भुयारी रेल्वे येणार म्हणून बिल्डरांनी भरमसाठ इमारती बांधल्या, १९०४ च्या सुमारास बाजार कोसळला, घरं रिकामी पडली. फिलिप पेटन नावाच्या कृष्णवर्णीय दलालाने ती आपल्या लोकांना मिळवून दिली. पुढे १९३० च्या दशकात सरकारी नकाशात हा सगळा भाग लाल रंगवला गेला, म्हणजे बँकांना इशारा, इथे कर्ज देऊ नका. पैसा असून घर घेता येईना, दुरुस्तीला कर्ज मिळेना. काकांना दिसलेल्या तुटक्या पायऱ्या अशा तुटल्या. आळसाने नाही.

आता उलटं चक्र. २००८ साली १२५व्या रस्त्याची बांधकाम-नियमावली बदलली, उंच इमारतींना वाट मोकळी. २०१७ साली त्याच रस्त्यावर होल फूड्स हे महागडं किराणा दुकान उघडलं, आणि त्याच वर्षी घरांच्या दलालांनी दक्षिण हार्लेमला ‘सोहा’ (साउथ हार्लेमचं लघुरूप) म्हणायचा घाट घातला. लोक रस्त्यावर उतरले म्हणून ते बारगळलं. इथल्या मार्कस गार्वी पार्कमध्ये १९६९ पासून उन्हाळ्यात शनिवारी ढोलवाले बसतात. समोर नवी महागडी इमारत झाली, तिथल्या लोकांना आवाजाचा त्रास. २००८ च्या आसपास पोलीस, पाट्या, सभा, सगळं झालं, आणि ढोलवाल्यांना बागेतली जागा बदलावी लागली. बृहद् हार्लेममध्ये कृष्णवर्णीय आता बहुसंख्य राहिलेले नाहीत, हे २०१० मध्येच जाहीर झालं होतं.

म्हणून म्हणतो, तुमचे ते हसरे चेहरे, पायऱ्या, टोप्या घातलेल्या आजी उद्या दलालाच्या माहितीपत्रकावर येतील. ‘जिवंत, अस्सल शेजार’. खाली भाडं. ते भाडं भरणारे आपल्यासारखे आयटीवाले. मीसुद्धा. माझ्या आधी त्या घरात कोण राहत होतं हे मी घरमालकाला विचारलेलं नाही.

तिसरा_मजला

मग काय करायचं? दलाल वापरेल म्हणून लोकांनी आपले फोटोच काढू नयेत? दलाल तर नावही वापरतो. ‘सोहा’ बारगळलं कारण ‘हे हार्लेम आहे’ असं ओरडायला लोक तिथे होते, आणि ते एकमेकांना ओळखत होते. ओळख पायरीवरच होते, वॉकमध्ये होते. तुम्ही तुमच्या वरच्या मजल्यावरच्याला ओळखता?

भाडेकरू_आजन्म

नाही. कुत्र्याला ओळखतो. वॉकमुळे भाडं एक डॉलरनेही कमी होणार नाही, हे माझं म्हणणं कायम. पण वॉक नसल्यामुळेही होणार नाही, एवढं देतो.

जर्सी_काकू

रविवारी हार्लेमच्या चर्चमध्ये बसेस भरभरून पर्यटक येतात, बायाबापड्या प्रार्थना करत असताना फोटो काढतात, ते यांच्यापैकी कोणी लिहिलं नाही. आपल्या पंढरपूरला वारीत परदेशी लोक म्हाताऱ्यांच्या तोंडापुढे कॅमेरा धरतात तेव्हा मला असाच राग येतो. चर्चमध्ये कॅमेरा बंद हा नियम चांगला होता, तेवढा एक. मिस्टरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, नियम करणारे शहाणे दिसतात. गाडी त्या बाजूने काढणार नाहीत ते नाहीतच.

निळी_शाई

काकू, तुमच्याशी माझं कुठंतरी जमलं, नोंद करून ठेवतो.

राहिलेली एक गोष्ट. ‘आम्ही कोणाकडे मागितला नाही’ म्हणालात. तुम्ही अमेरिकेत उतरलात ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याच्या मागेपुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा अन् १९६५ चाच मतदान हक्क कायदा. रस्त्यावर मार कोणी खाल्ला, कुत्री कोणावर सोडली? मागितलं त्यांनी, मिळालं तुम्हाला. त्याच्याही आधी बोटीवरून उतरलेले बंगाली खलाशी हार्लेममध्येच राहिले, तिथल्या काळ्या अन् पोर्तोरिकन बायकांशी संसार केले. त्यांना कोणी संशयास्पद म्हणून मेसेज टाकला नाही.

जर्सी_काकू

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

चहाटळ

काकूंना सर्वोत्कृष्ट प्रतिसादाचा नारळ.

सेवानिवृत्त_अभियंता

सगळं वाचलं. लाल नकाशाची माहिती मला नव्हती, अभियंता असूनही नकाशाने घर पाडता येतं हे डोक्यात आलं नव्हतं. त्यामुळे ‘तुटक्या’ हा शब्द मी डायरीतून काढतो. ‘दिवसभर बसलेली माणसं’ काढणार नाही, कारण मी स्वतः सध्या लेकीच्या घराबाहेर दिवसभर बसलेला असतो, आणि माझा कोणी फोटो काढलेला नाही.

उलटा भेदभाव हे माझं मत कायम आहे. पुढचा वॉक कधी आहे ते लेकीने शोधलंय. जाईन, पण उत्सव म्हणून नव्हे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

तिसरा_मजला

या काका. बुटांची काळजी घ्या, मताची घेऊ नका, ते तिथे टिकत नाही.

लेन्सकॅप

काका, मोबाइल नेणार असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, मग उजेड खाली ओढा. नवीन फोन बरे झालेत, २०२१ पासून गूगलने सावळ्या-काळ्या कातडीसाठी मुद्दाम काम केलंय. कॅमेरा नेणार असाल तर ३५ मिमीची लेन्स.

फ्लॅश_मारतो

५० ची न्या. ३५ नं नाक मोठं येतं.

लेन्सकॅप

३५ घेऊन माणसाच्या जवळ जावं लागतं, जवळ गेलं की बोलावं लागतं. लग्नातल्यासारखं मंडपाच्या टोकावरून झूम करायचं नसतं.

फ्लॅश_मारतो

मंडपात कधी तुमच्या पायावर आचारी उभा ऱ्हायलाय का? मग कळंल झूम का लागती ते.

सावळी

तुम्ही दोघं भांडा, फक्त एक सांगा. माझ्या लग्नाच्या मूळ फायली मिळतील का कुठे, तो ‘ग्लो’ द्यायच्या आधीच्या? आमचा फोटोग्राफर म्हणतो हार्ड डिस्क उडाली.

फ्लॅश_मारतो

हार्ड डिस्क कवाच उडत न्हाई ताई. पैसं दाखवा, सापडती. आन मावशीला संगं नेऊ नका.